दोन इंची पट्टी

आयसेलिन, १२ जानेवारी २०२५

दीक्षा, जय भीम.

त्या कोटाची खरी किंमत काय पडली, ती आज काढून बघितली. काळं वूल अडीच वार. अस्तर दुकानातलंच. सोन्याच्या जरीची दोन इंच रुंदीची पट्टी, दोन्ही बाह्यांची मिळून एक वार. ती फिलाडेल्फियाच्या एका म्हाताऱ्याकडून मागवली, आणि तिला कापडापेक्षा जास्त पडले. जरीचे दोन तारे, एका बाहीला एक, हातानं भरलेले. डाव्या अंगठ्यात एकदा आरपार गेलेली सुई. अकरा रविवार. सॅन डिएगोचं विमान, जाऊन-येऊन. आणि तुझा आवाज, सात महिने. हा शेवटचा आकडा मी कोट बेतताना धरला नव्हता.

फोन का करत नाही म्हणू नकोस. करतो. तू उचलत नाहीस, आणि मागून मेसेज येतो, ‘बीपीची गोळी घेतली का?’ घेतली. म्हणून हे पत्र, आणि तेही मराठीत. तुझ्या आईनं दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून तुला बाराखडी शिकवली, ती जाता जाता एवढी एकच मागे ठेवून गेली असं समज. तू एकेक अक्षर लावत वाचतेस, वेळ लागतो. लागू दे. रागावायलाही तेवढाच वेळ लागेल.

त्या सकाळचं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो, कारण तुझ्या बाजूनं तू लेकीला, अनिकाला, सांगितलेलं दिसतंय. मागच्या एप्रिलमध्ये फोनवर तू म्हणालीस, ‘बाबा, जूनमध्ये मला स्क्वॉड्रन मिळतेय. सात जहाजं. आता मला सगळे कमोडोर म्हणतील.’ तुझे शब्द. आता आपल्याकडे, भारताच्या नेव्हीत, कमोडोर म्हणजे कॅप्टनच्या वरचा हुद्दा. बाहीवरच्या चार बारीक पट्ट्या जातात आणि एक रुंद येते. आपल्या मंडळाचा अध्यक्ष उल्हास गाणार, त्याचा साडू विशाखापट्टणमला नेव्हीत होता. त्यानंही तेच सांगितलं. माझ्या बापानं कामठीच्या छावणीत तीस वर्षं दुसऱ्यांचे युनिफॉर्म शिवले. त्याच्या नातीला पट्टी मिळाली, तर ती परक्यानं शिवायची? म्हणून शिवली. समारंभाला घेऊन आलो. तुमच्या अॅडमिरलसाहेबाला दाखवली आणि एक प्रश्न विचारला. प्रश्न विचारायला या देशात बंदी नाही.

बाकी इकडे झकास. दुकान जोरात आहे. लग्नाच्या सीझनची मापं आत्तापासून येतायत, काल तर दोन बायका एका ट्रायल रूमवरून भांडल्या. माझ्याशिवाय दुकान एक दिवस चालत नाही. त्यामुळे तू उद्या बोलावलंस तरी मला दोन दिवसांच्या वर काढता यायचे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

गोळी घेऊन झोपतो.

बाबा


आयसेलिन, २ मार्च

दीक्षा, जय भीम.

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. हरकत नाही. ट्रायलला न आलेल्या गिऱ्हाइकाचा कपडा आपण फेकून देत नाही, हँगरला लावून ठेवतो.

अनिकाचा रविवारी व्हिडिओ कॉल आला. मी म्हटलं, ‘मॉम कुठेय?’

‘शी इज डुइंग डिशेस, आजोबा.’

‘सिंक तुझ्यापासून किती लांब?’

‘लाइक, टेन फीट. व्हाय?’

‘उगाच.’ आणि मी तिला कोवाल्स्कीची गोष्ट सांगायला लागलो. तर मागचा नळ बंद झाला. बशी ठेवल्याचा आवाज नाही, पावलांचा नाही. नऊ मिनिटं. ‘ठेवतो बाळा’ म्हटल्यावर नळ पुन्हा सुरू. मी काही म्हणत नाही. चार मशीनच्या खडखडाटात ज्याला दाराबाहेरची कुजबुज कळते, त्याला नळ कळतो, एवढंच.

पण नळामागून अर्धीच कळली असेल, म्हणून पुन्हा सांगतो. कोवाल्स्की म्हणजे मागच्या गल्लीतला, पांढऱ्या मिशांचा. वजन उतरलं म्हणून चार पँटी कमरेत कमी करून घ्यायला आला. मी टाचण्या तोंडात धरून गुडघ्यावर बसलो होतो. त्यानं भिंतीवरचा तुझा फोटो बघितला.

‘ही कोण?’

‘माझी मुलगी. नेव्हीत आहे. कमोडोर.’

तो इतका हसला की माझं माप हललं. ‘मास्टर,’ (सगळ्यांचं ऐकून तोही मास्टरच म्हणतो) ‘तो हुद्दा मी या हातांनी, टाइपरायटरवर, दोनदा खोडलाय!’

हा माणूस सव्वीस वर्षं तुमच्याच अमेरिकन नेव्हीत होता आणि एक गोळी झाडली नाही. नॉरफोकला ऑफिसात कारकून. तो सांगतो, पूर्वी यांचा कॅप्टन बढती मिळाली की सरळ दोन ताऱ्यांचा रिअर अॅडमिरल व्हायचा. आर्मीतला त्याच्या बरोबरीचा ब्रिगेडियर एका ताऱ्यावर बसलेला. आर्मीवाले कुरकुरायचे, हे खलाशी एक पायरी गाळून वर चढतात. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मधली पायरी बसवली. नाव काय ठेवलं? ‘कमोडोर अॅडमिरल’. ते वर्षभर धड टिकलं नाही. मग नुसतं कमोडोर. मग लक्षात आलं की स्क्वॉड्रन सांभाळणाऱ्या साध्या कॅप्टनलाही जहाजावर पूर्वापार कमोडोरच म्हणतात. एका खोलीत दोन कमोडोर, हाक मारली की दोघंही वळणार. १९८५ साली तेही काढलं आणि त्या पायरीला ‘रिअर अॅडमिरल, लोअर हाफ’ केलं. खालच्या अर्ध्यातले.

‘साहेब तोच,’ कोवाल्स्की म्हणाला, ‘खुर्ची तीच, कॉफीचा मगही तोच. दारावरची पाटी मी तीनदा बदलली.’

‘मग माझी मुलगी कोण?’

‘कॅप्टन. फर्स्ट क्लास कॅप्टन. हुद्दा गेला मास्टर, हाक राहिली.’

‘आणि ती रुंद पट्टी?’

‘ती आता अॅडमिरल लावतात. तुझ्या मुलीनं लावली असती, तर तिला जाब द्यावा लागला असता.’

टाचणी टोचली. त्याला नाही, मला.

म्हणजे आठ महिने मी बरोबर होतो, आणि एका दुपारी चूक निघालो. त्या दिवशी तूही मला हेच सांगत होतीस. पण माणूस पोटच्या पोरीचं ऐकत नाही, पँट कमी करून घ्यायला आलेल्याचं ऐकतो. कळवणं भाग होतं, कळवलं.

बाबा


आयसेलिन, १७ एप्रिल

दीक्षा,

गुरुवार, दुपारचे दोन, आणि मी लायब्ररीत बसून लिहितोय. दुकानाचं म्हणशील, तर तिथे मुली आहेत, सांभाळतात. माणसानं जरा वाचावं. हीटर छान आहे, आणि कोणी ‘मास्टर, अर्जंट आहे हो’ म्हणत नाही.

तुमच्या नेव्हीवरची दोन जाडजूड पुस्तकं मिळाली. आठवडाभर वाचतोय. कोवाल्स्कीनं शेवट सांगितला होता, सुरुवात ऐक.

या देशाला आधी अॅडमिरल नकोच होते. राजेशाहीचा वास येतो म्हणे. कॅप्टन हाच सगळ्यात वरचा. ज्याच्या हाताखाली चार जहाजं, त्याला आदरानं कमोडोर म्हणायचे, आणि एकदा म्हटलं की मरेपर्यंत म्हणायचे. मग १८६२ साली आपसातल्या युद्धात माणसं आणि जहाजं इतकी वाढली की तो हुद्दा कायद्यानं खराखुरा केला. सदतीस वर्षं चालला. १८९९ ला काढून टाकला, होते त्यांना रिअर अॅडमिरल केलं, पण खालच्या अर्ध्यांना पगार मात्र कमी पायरीचा. १९४३ ला, पुन्हा युद्ध, पुन्हा वर काढला. युद्ध संपलं, पुन्हा ठेवून दिला. मग ऐंशीतला तो पाटीचा तमाशा. म्हणजे लग्नातली शेरवानी. गरज लागली की ट्रंकेतून काढायची, झटकायची, आणि वरात संपली की डांबराच्या गोळ्या घालून परत आत.

वाचताना मला एक दुसराच माणूस आठवत होता. त्याच्याबद्दल तुला कधी सांगितलेलं नाही. आज नको.

उल्हासचा फोन आला होता. ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मंडळाला तू प्रमुख पाहुणी हवी आहेस. मागच्या वर्षी त्यानं छापलेलं बॅनर तुला माहीतच आहे, ‘कमोडोर दीक्षा नारनवरे’, तेरा फूट. ‘जपून ठेवलंय मास्टर, गुंडाळी करून, घडी नाही घातली,’ म्हणाला. कोवाल्स्कीचं मी त्याला काही सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण तो इतका खुश होता.

लायब्ररी पाचला बंद होते. तोपर्यंत बसेन.

बाबा


आयसेलिन, २१ जून

दीक्षा,

आज वर्ष झालं. जानेवारीत तुला लिहिलं ते कच्ची शिलाई होती. आज पक्की घालतो.

पांढऱ्या खुर्च्या होत्या, बँड होता, तुझं भाषण झालं होतं. केकच्या टेबलापाशी तुमचे अॅडमिरलसाहेब स्वतः चालत आले. माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘यू मस्ट बी अ प्राउड फादर.’ मी पिशवीतून कोट काढला. ते बघतच राहिले, आणि मला वाटलं, जिंकलो.

मी म्हणालो, ‘सर, मी चाळीस वर्षं टेलर आहे. चार बटणांचे पैसे घेऊन तीन लावत नाही. तिला कमोडोर म्हणता, मग पट्टी कुठेय?’

ते हसून म्हणाले, ‘ती आमची जुनी परंपरा आहे, मिस्टर नारनवरे. मानाची हाक आहे.’

इथं थांबायला हवं होतं. तू माझं कोपर धरलं होतंस, घट्ट. आणि मी म्हणालो, मोठ्यानं म्हणालो, ‘गोऱ्या कॅप्टनलाही नुसती हाकच देता, की त्याला पट्टी पण देता?’

केक कापणाऱ्या बाईची सुरी थांबली. तुझे ऑफिसर बुटांकडे बघायला लागले. तुझ्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तोच चेहरा मला आता दिसतो. तू म्हणालीस, ‘एक्सक्यूज अस, सर. माय फादर इज टायर्ड.’ मी थकलेलो नव्हतो.

गाडीत तू स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलीस, गाडी सुरू न करता. ‘बावीस वर्षं, बाबा. ट्वेंटी-टू इयर्स. मी तो प्रश्न एकदाही विचारला नाही.’

आणि मी काय म्हणालो? ‘म्हणूनच तुला देत नाहीत.’

हे मी जानेवारीत गाळलं होतं.

आता तो दुसरा माणूस. माझे आजोबा, तुझे पणजोबा. आपल्या लोकांना सैन्यात घेणं त्यांच्या आधी पंचवीसेक वर्षं बंद होतं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा महारांची पलटण उभी केली. आजोबा त्यात जमादार झाले. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खालचा, पण अधिकाऱ्याचाच हुद्दा. लोक सलाम करायचे. युद्ध संपलं, पलटण मोडली, आजोबा खाकी कोट घेऊन गावी आले. गाव त्यांचा हुद्दा विसरलं नाही हं. बैल मेला की चावडीवरून हाक यायची, ‘अहो जमादार, या, ओढायचाय.’ अहो म्हणायचे. कट्ट्यावर बसलेले सगळे हसायचे. आणि आजोबा जायचे. माझ्या बापानं हे सहा-सात वर्षांचा असताना बघितलं आणि पंधराव्या वर्षी कामठीला पळाला, शिवणकाम शिकायला. मला म्हणायचा, ‘हुद्दा कापडावर नसतो रे, पण कापडाशिवाय कोणी मानत नाही.’

तर तुझा साहेब ‘मानाची हाक’ म्हणाला, तेव्हा माझ्यासमोर समुद्र नव्हता, जहाजं नव्हती. मला चावडी ऐकू आली.

त्यांची हाक खरंच मानाची होती, हे आता पुस्तकं वाचून कळलं. तुझ्या माणसांकडे तेव्हाच नीट बघितलं असतं, तर पुस्तकांशिवाय कळलं असतं. ते तुला कमोडोर म्हणताना कोणी हसत नव्हतं.

हे कारण झालं. माफी वेगळी. तुझ्या दिवशी, तुझ्या माणसांसमोर, मी माझं जुनं दुखणं तुझ्या नावानं बोललो. चुकलं माझं.

बाबा


आयसेलिन, २४ ऑगस्ट

दीक्षा,

अनिकाच्या तोंडून निसटलं, तिला रागावू नकोस. अॅडमिरलपदाच्या यादीत तुझं नाव नाही. डिसेंबरात तू स्क्वॉड्रन सोपवून रिटायर होणार.

‘मॉम वॉज ओके, आजोबा. शी जस्ट क्लीन्ड द गराज.’

मी कोट काढला आणि ती पट्टी उसवली. ज्या पायरीची पट्टी मी अडाणीपणानं वर्षभर आधी शिवून आणली, नेमकी तीच पायरी तुझ्यापुढे होती, हे कोवाल्स्कीनं सांगितलं त्याच दुपारी माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा लिहिलं नाही. आता लिहितो.

एकच विचारतो. हो किंवा नाही, इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल. माझ्यामुळे गेलं का?

बाबा


आयसेलिन, १२ ऑक्टोबर

दीक्षा, जय भीम.

काल एडिसनच्या शाळेच्या हॉलमध्ये आपला कार्यक्रम झाला. तू येणार नाहीस हे मी उल्हासला कळवलं होतं, कारण दिलं नव्हतं. तरी बॅनर लागलंच होतं. स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तू.

वंदना झाली, मुलांची नाटुकली झाली. मग उल्हासनं माइक घेतला. ‘आपल्या समाजाची लेक, अमेरिकन नौदलातली कमोडोर! कॅप्टनच्याही वर! त्यांचे वडील, आपले मास्टर, दोन शब्द बोलतील.’ टाळ्या. मी घरून दोन शब्द आणले होते, आभाराचे. वर जाईपर्यंत ते राहिले नाहीत.

मी म्हणालो, ‘बॅनर चुकलंय.’

खाली कुजबुज. पहिल्या रांगेत कोणीतरी बाई म्हणाली, ‘स्पेलिंग का?’

‘स्पेलिंग बरोबर आहे,’ मी म्हणालो. ‘कमोडोर हा हुद्दा या नेव्हीत आता नाहीच. होता, काढला, आणला, पुन्हा काढला. माझी मुलगी कॅप्टन आहे. सात जहाजं तिच्या हाताखाली आहेत, म्हणून तिची माणसं तिला त्या नावानं हाक मारतात. कॅप्टनच्या वर ती नाही. वर मी नेऊन ठेवली. तुम्हाला सगळ्यांना वर्षभर मीच सांगत फिरलो, आणि तिला विचारलं नाही.’

उल्हासला माइक परत हवा होता, पण गमतीशिवाय कसा घेणार? ‘म्हणजे मास्टर, आज ताईंचं डिमोशन झालं म्हणायचं का?’

हॉल हसला.

‘नाही उल्हासराव,’ मी म्हणालो, ‘प्रमोशनच आपलं घरगुती होतं.’

पुन्हा हसले. मग मी आजोबांचं सांगितलं. चावडीची हाक सांगितली. तेव्हा कोणी हसलं नाही. शेवटच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ, मी ओळखत नाही, ते उभे राहिले. नुसते उभे राहिले, आणि मग बसले. मी बोललो की तिला पट्टी मिळाली काय, न मिळाली काय, तिला कोणी चावडीवरून हाक मारत नाही. मला हा फरक कळायला वर्ष लागलं, आणि तोवर मी तिच्यावर तेरा फुटांचं बॅनर टाकून ठेवलं होतं.

जेवताना उल्हास ताट घेऊन शेजारी बसला. घुश्शात होता. ‘आधी सांगायचंत ना. बॅनरवर पट्टी चिकटवली असती.’

‘पट्ट्या चिकटवणं बंद केलंय मी.’

त्याला ते कळलं नाही, पण त्यानं मला त्याच्या ताटातला गुलाबजाम दिला. माणूस वाईट नाही.

कोणीतरी व्हिडिओ काढलाय, तो ग्रुपवर फिरतोय. तुझ्यापर्यंत येईल. आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. हॉलमधून घरी चालत आलो, बराच वेळ लागला. वाटेत ओक ट्री रोडवर एका बाईनं गाडी थांबवून काच खाली केली, ‘मास्टर, माझा ब्लाउज!’ मी हात केला आणि चालत राहिलो.

तू अजून ऑगस्टच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाहीस. मी वाट बघतोय असं नाही. म्हणजे, बघतोय.

बाबा


आयसेलिन, २३ नोव्हेंबर

दीक्षा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाच दिवस झाले, तेवढ्याच वेळा वाचलं.

वरच्या तीन ओळी तू मराठीत लिहिल्या आहेस, पेन्सिलीनं आधी आणि मग पेनानं. पेन्सिलीच्या खुणा दिसतात. ‘बाबा, ये. बारा डिसेंबर. सूटकेसमध्ये फक्त तुझे कपडे आण.’ मी एकटाच इतका हसलो की शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं.

खालचं इंग्रजीतलं मी माझ्या भाषेत लावून घेतलं, म्हणजे नीट लक्षात राहील. नाही, माझ्यामुळे गेलं नाही. यादी कागदांवरून होते, आणि माझा कोट कुठल्याच कागदावर नव्हता. दोनशेंपैकी मूठभर घेतात, तू उरलेल्यांत आहेस, आणि गराज आवरून झाल्यावर तुला बरं वाटलं. अॅडमिरलसाहेबांनी दुसऱ्या दिवशी तुला एवढंच विचारलं होतं, की तुझ्या वडिलांनी तो तारा खरंच हातानं भरला का. हे दीड वर्ष तू माझ्यापासून लपवून ठेवलंस. लपवण्यात आपण दोघं सारखेच.

आणि तू लिहिलंस की राग प्रश्नाचा नव्हता. तो प्रश्न बावीस वर्षं तुझ्या पोटात होता, आणि तो कधी, कोणाला, कसा विचारायचा हे तू ठरवणार होतीस. मी तो उचलला आणि केकच्या टेबलावर ठेवला. हे वाक्य मी पाठ केलं.

व्हिडिओ अनिकानं दाखवला म्हणालीस. मग नळाशी उभी राहून ऐकलास, की बसून?

कोवाल्स्कीला तुझ्या समारंभाचं सांगितलं. तो म्हणाला, रिटायर झालेल्या कमोडोरला जुने खलाशी रस्त्यात भेटले तरी कमोडोरच म्हणतात. म्हटलं, म्हणू देत. मी कॅप्टन म्हणेन, आणि घरी दीक्षू.

तिकीट काढायचं राहिलंय, ते एका गोष्टीसाठी. तू लिहिलंयस, ‘दुकान आहे, तुला दोनच दिवस जमतील, माहीत आहे, पण निदान शुक्रवार-शनिवार राहा.’ जानेवारीत मीच तसं लिहिलं होतं. नंतरही दुकानात मुली आहेत असं लिहिलं. मशीन माझ्या बेसमेंटमध्ये आहेत, चारही, चादरी घालून. मुली कधीच दुसरीकडे लागल्या, त्यांचं छान चाललंय. भाडं वाढवून मागितलं, मला झेपलं नाही, आणि खरं सांगायचं तर मापाची वही आधीपासूनच रिकामी होती. त्या दोन बायका ट्रायल रूमवरून भांडल्या, ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रस्त्यावर सगळे अजून मास्टर म्हणतात, म्हणून कोणाला सांगायची वेळच आली नाही.

मला परतीची तारीख नाही, दीक्षा. दुकान ३१ मार्चला बंद झालं.